एकतारीची खाच

"भेद काढूक इलस मा?" लवूबुवांनी मला अंगणाच्या पायरीवरच विचारलं. "काढ, काढ. पण पयलो ह्यो भोपळो धर. रिकाम्या हातान भेद काढूक बरा दिसणा नाय."

आणि त्यांनी घागरीएवढा वाळलेला कडू भोपळा माझ्या हातात दिला.

मी काखेतली हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि काही न समजल्यासारखं केलं. "कसलो भेद, बुवा? तुमका खुंटी करूक मेस्त्री होयो, असा बाजारात आयकलंय. म्हणान इलंय."

"बाजारात आयकलंस." ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "बाजार मोठो गुणाचो. माघी गणपतीक माझी बारी तुझ्यावांगडा, आणि माझी खुंटी करूक मेस्त्रीय तूच. बस. चाय घेतलंस काय?"

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. दिवसा सुतारकाम करायचो आणि सणावाराला भजनाच्या डबल बाऱ्या. ज्यांनी डबल बारी पाहिलेली नाही त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे की दोन भजनीबुवा आपापली पेटी, पखवाज आणि झांजवाले घेऊन समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. आधी देवाचं, म्हणजे अभंग, गवळण वगैरे. मग शेवटी गजर. गजरात समोरच्या बुवाला काव्यातून टोले मारायचे आणि त्याने त्याच्या पाळीत तेवढ्याच ताकदीने उत्तर द्यायचं. लोक अभंगाला मान डोलावतात, पण येतात गजरासाठी. उत्तर आलं नाही की बुवा संपला.

टोले मारायला माल लागतो. माझ्याकडे त्यासाठी एक वही होती. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची. आमच्या भागातल्या प्रत्येक बुवाच्या नावे तीत एक पान. एकाची कवळी सैल, 'शिव' म्हणताना शिट्टी वाजते. दुसऱ्याचा मुलगा मुंबईत हॉटेलात कपबशा विसळतो, इथे हा मॅनेजर सांगतो. तिसरा विठ्ठलाचा अभंग गाताना बायकांच्या बाजूला किती वेळा बघतो, हे मी एका बारीत मोजून आलो होतो: एकोणीस वेळा. माणसाला बघितलं की त्याच्या उण्याकडे माझी नजर आपोआप जायची. सुताराची जशी लाकडातल्या गाठीकडे जाते तशी.

लवूबुवा घाडींच्या पानावर नाव सोडून काही नव्हतं. पस्तीस वर्षं बाऱ्या केलेल्या माणसात एक गाठ सापडू नये, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. आमचा पखवाजवाला वासू परब म्हणाला, "कोरा पान घेवन बारीक बसशीत तर म्हातारो तुझीच पाना फाडीत. जा, थंय जावन बस दोन दिवस. तो कसलातरी वाद्य करता म्हणतत."

म्हणून मी त्यांच्या गावी, नेरकुंडीला, गेलो होतो. चिंचखोलची माघी गणपतीची बारी तेव्हा बावीस दिवसांवर होती.

---

वाद्य म्हणजे एकतारी. बुवांनी सगळं सामान जमवून ठेवलं होतं आणि त्यातलं काहीही दुकानातलं नव्हतं. भोपळा माळ्यावरचा. वाडीतली पोरं नदीच्या कोंडीत पोहायला शिकताना तो पाठीला बांधायची.

"ह्या भोपळ्यान निम्मी नेरकुंडी तरंगवल्यान," बुवा म्हणाले. "आता माका तरंगव म्हणतंय."

मला तो विनोद वाटला. मी हसलो, आणि तेही हसले.

दांडीसाठी परसातला चिव्याचा बांबू होता, बोटभर जाडीचा, आतून जवळपास भरीव. तार म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या केबलीतला एक पदर, उलगडून सरळ केलेला. करवंटीचा एक जाड तुकडा घोडीसाठी, म्हणजे जिच्यावरून तार जाते त्या ठोकळीसाठी. बाजारातून आणलेलं बकऱ्याचं कातडं पाण्यात भिजत पडलं होतं आणि साऱ्या पडवीत त्याचा वास होता. राहिली होती ती खुंटी. तार पिळून सुरात आणायची ती. ती नीट निमुळती नसेल तर तार दर दोन मिनिटांनी उतरते, आणि ते काम मेस्त्र्याचंच.

मी पाच फेऱ्या केल्या. आमच्या गावापासून नेरकुंडी डोंगरातून अडीच तास. पहिल्या फेरीत भोपळ्याचं तोंड कापलं, आतली जाळी खरवडली, बांबूसाठी दोन्ही अंगांना भोकं पाडली. एक बारीक तडा होता तो बुवांनी फणसाच्या चिकाने बुजवला. दुसऱ्या फेरीत काचेच्या तुकड्याने कातड्यावरचे केस काढले. तिसऱ्या फेरीत कातडं चढवलं. चिंचोक्याची खळ लावून ओलं कातडं भोपळ्याच्या तोंडावर ताणायचं आणि ताणलेलं असतानाच सुंभाने आवळायचं, हे एका माणसाचं काम नाही. मी ताणलं, त्यांनी बांधलं. माझी बोटं निसटली की ते म्हणायचे, "अरे, लग्न झाला नाय काय तुझा? धरूक येणा नाय?"

दुपारी जयवंतीकाकी, म्हणजे त्यांची बायको, पेज वाढायची. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे होतं. काकी वाडगे जमिनीवर ठेवायची त्याचा आवाज पडवीत यायचा. जर्मनचे तीन वाडगे, तीन आवाज. मग हाक यायची. माझ्या गुरूंचा एक नियम होता: ज्याच्या घरी महिन्याभरात जेवलात, त्याच्या अंगावर गजरात जायचं नाही, गाव घ्या, आवाज घ्या, चाल घ्या, माणूस घेऊ नका. पहिल्या दिवशी हे आठवून मी पेजेला नाही म्हणालो होतो.

"कित्याक?" काकी म्हणाली. "वहीत लिवक काय गावाचा नाय म्हणान?"

वहीची बातमी नेरकुंडीपर्यंत पोचली होती.

"काकी, तसा काय नाय."

"माझा पान आसा काय तुझ्या वहीत?"

"नाय गो."

"मग घाल. लिव, पेजेत मीठ जास्त घालता. नी जेव."

मी जेवलो. पाचही दिवस जेवलो.

भेद काढायचं कामही चालू होतं. माझ्या लक्षात आलं की काकी बुवांशी कधी मागून बोलत नाही. आधी वळसा घालून त्यांच्या पुढ्यात येते, मग तोंड उघडते. घरी येऊन मी वहीत लिहिलं: बायको धाकात आहे. बुवा माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघतात: समोरच्याला दबवायची सवय. कातडं वाळल्यावर त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि कान न लावता तळवा टेकवला: स्वतःला फार मोठा जाणकार समजतात. तीन नोंदी झाल्या. तिन्ही कामाच्या वाटत होत्या. तिन्ही चुकीच्या होत्या.

चौथ्या फेरीत मी बांबू नेहमीच्या मापाने कापायला घेतला तर बुवांनी हात धरला. "वीतभर लांब ठेव."

"बुवा, एवढी लांब दांडी गालार आदळतली."

"तीच होयी."

पाचव्या फेरीला खुंटी घेऊन गेलो. शिवणीच्या लाकडाची, सुरीने उतरवून काचेने घासलेली. अशी बसली की तार चढवली तरी केसभर मागे सरली नाही. मी खूश होतो. बुवांनी एकतारी मांडीवर उभी घेतली, दांडीचं टोक कानामागच्या हाडाला लावलं, काढलं, परत लावलं. मग खिशातल्या खडूने दांडीवर खूण केली.

"हय एक खाच मार. उथळ. हाडार बसाक होयी, हलता नये."

मी खाच मारली, गोल कानशीने गुळगुळीत केली. त्यांनी लावून बघितली. परत मारायला सांगितली. तिसऱ्यांदा ती बसली. त्यांनी तार छेडली आणि डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी कुठल्या बुवाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. भूक लागलेल्या माणसापुढे ताट आल्यावर येतं तसं काहीतरी.

"बुवा," मी विचारलं, "खाच कित्याक?"

ते डोळे मिटून बसले होते. मी परत विचारलं. मग मोठ्याने विचारलं. मग मला समजलं.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर ते लिहिलेलंच असणार.

"समाजला मा तुका?" ते म्हणाले. "बस. दोनय कानात बोटां घाल. घट्ट."

मी घातली. त्यांनी एकतारीची खाच माझ्या कानामागच्या हाडाला लावली आणि तार छेडली. बाहेरचा एकही आवाज येत नव्हता. पडवीतल्या कोंबड्या नुसत्या चोची उघडत होत्या. आणि डोक्याच्या आत, अगदी मध्यभागी, तो सूर स्वच्छ वाजत होता.

"कान गेले," मी बोटं काढल्यावर ते म्हणाले. "दोन वर्सा झाली. समोर बसान बोललंस तर ओठांवरना समाजता. पण पखवाज वाजाक लागलो की माझीच पेटी माका आयकाक येणा नाय. गेल्या बारीक सूर सोडलंय तो मेलो परत गावलोच नाय. लोकांनी म्हटला, म्हातारो थकलो. थकलो म्हटला तर चालता रे. थकलेल्या बुवाक बारी दितत. बहिऱ्या बुवाक कोण सुपारी दितलो?"

सुपारी म्हणजे बारीचं आमंत्रण. ज्या मंडळाला बारी ठेवायची त्यांची माणसं येऊन बुवापुढे पानसुपारी ठेवतात आणि तारीख पक्की होते.

"ह्या एकतारीर माझी आणि पाच-धा वर्सा जातली," ते म्हणाले. "पेटी शिष्याकडे दितंय. म्हाताऱ्याक एकतारीचो नाद लागलो, म्हणतले. म्हणूदेत. हिका माहीत, नारूक माहीत, आता तुका."

नारू म्हणजे त्यांचा पुतण्या, पखवाज वाजवायचा तो.

"भेद काढूक इल्लंस, काढलंस," ते हसून म्हणाले. "पण ह्या वहीत लिव नको हां, दिगू."

"नाय लिवणंय, बुवा."

"नाय मा?"

"देवाशपथ नाय."

काकी दारात उभी होती. तिने आत जाऊन तीन वाडगे ठेवले.

आणि मी शब्द पाळला. वहीत लिहिलं नाही. आजही ती वही माझ्याकडे आहे, आणि लवूबुवांच्या पानावर त्या तीनच नोंदी आहेत.

---

चिंचखोलची बारी दुपारी तीनला सुरू झाली. देवळामागे माडाच्या झापांचा मांडव होता. सवयीने मी माणसं मोजली. पुरुषांच्या बाजूला अडीचशेपर्यंत मोजून सोडून दिली. बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत जयवंतीकाकी होती. एकतारी तीच घेऊन आली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळून.

पहिली पाळी वडीलधाऱ्यांची. लवूबुवा बसले, पेटी शिष्यापुढे सरकवली, एकतारी उभी घेतली आणि खाच कानामागे टेकवून डोळे मिटले. लोकांना गंमत वाटली. कोणीतरी म्हणालंही, "बुवा भोपळ्यार झोपलो रे." मग बुवांनी तोंड उघडलं.

मी त्या दिवसाआधी त्यांना वीसेक वेळा ऐकलं असेल. असं नाही ऐकलं. पेटी, पखवाज, झांजा यांच्या गदारोळात तो आवाज एका रेषेवरून चालत होता आणि कुठेच डगमगत नव्हता. मी खुंटीकडे बघत होतो. पाऊण तासात ती एकदाही पिळावी लागली नाही. मेस्त्री म्हणून माझी छाती भरून आली होती, आणि बुवा म्हणून मी हरल्यात जमा होतो.

गजरात त्यांनी माझ्यावर मारलं ते सुद्धा अगदी प्रेमाने. मी गाताना मान हलवतो ती रंधा मारल्यासारखी, एवढंच. लोक हसले, मीही हसलो.

मग माझी पाळी. अभंगाला कोणी मान डोलावली नाही. गवळणीला दोन माणसं तंबाखू थुंकायला उठली, त्यांच्यामागून आणखी सहा. मी मोजत होतो. गात असतानाही मी मोजत होतो.

गवळण आणि गजर यांच्या मधल्या वेळात वासू पखवाजाला कणीक लावायच्या निमित्ताने माझ्याकडे वाकला. "काढ कायतरी. पाच दिवस थंय काय पेज खावक गेल्लंस?"

"काय नाय गावला."

"तू? तुका नाय गावला?" तो हसला. "मगे चल घराक. उठाया."

आणखी चार माणसं उठली. त्यात चिंचखोल मंडळाचा अध्यक्ष होता.

गजर मी आधी रचून ठेवलेला नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. रचलेला होता. त्या पाचव्या फेरीनंतर डोंगर उतरताना आपोआप रचला गेला होता, चालीसकट. वहीत नव्हता, एवढंच.

मी हाताने झांजा थांबवल्या आणि एकट्या पेटीवर म्हटलं:

*आंधळ्याची काठी बाबा हातामधी असता,*
*बुवांची ही काठी कशी कानाकडे बसता?*
*पेटी वाजो, ढोल वाजो, बुवांका ना पत्ता,*
*भोपळ्याक विचारून बुवा सूर लावतत आता!*

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग पहिल्या ओळीतल्या एकाने बुवांच्या कानामागच्या त्या खाचेकडे बोट दाखवलं, आणि मांडव फुटला. उठून गेलेली माणसं परत आली. झांजवाल्यांनी ओळ उचलली, लोकांनी उचलली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एवढा हशा मी आयुष्यात पुन्हा कधी घेतला नाही.

मी समोर बघितलं. मला बघायचं होतं की टोला कुठे बसला.

लवूबुवा हसत होते.

लोक हसताहेत म्हणून हसत होते; माईकमागचे माझे ओठ त्यांना वाचता आले नव्हते. मान डोलावत होते, मांडीवर ताल धरत होते, आणि तो ताल आमच्या तालाच्या बाजूने कुठेतरी निराळाच चालला होता. माझ्याकडे बघून त्यांनी दाद दिल्यासारखा हात वर केला.

माझा ताल सुटला. वासूने सावरून घेतलं, पाळी संपवली. मी बायकांच्या बाजूला बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. जयवंतीकाकी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

आता उत्तराची पाळी. असल्या टोल्याला लवूबुवा काय उत्तर देतात, हे ऐकायला माणसं पुढे सरकली. बुवा पुतण्याकडे वळले. माईक त्यांच्या पुढ्यात होता, त्यामुळे त्यांनी विचारलेलं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"काय म्हटल्यान रे तेना? लोकां कित्याक एवढी हसली?"

नारूने एकदा माझ्याकडे बघितलं. मग काकांच्या समोर तोंड नेऊन, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "तुमच्या एकतारीचा कौतुक केल्यान."

तेही माईकमधून सगळ्यांनी ऐकलं.

"कौतुक केल्यान!" बुवांचा चेहरा फुलला. ते माईककडे वळले. "मंडळी, दिगूबुवान एकतारीचा कौतुक केल्यान, पण खरी गोष्ट सांगूक नाय. आपल्या तोंडान कशी सांगतलो? ही एकतारी तेनाच केल्यान. ही खुंटी तेची. कातडा ताणल्यान तो. पाच येळा डोंगर चढान इलो, आणि पेजेशिवाय माझ्याकडना कायएक घेवक नाय. बारी माझ्यावांगडाच आसा, माहीत असान. आमच्या वक्तार असो एकय बुवा नाय होतो हो. समोरच्याचा भलाच बघल्यान."

त्यांनी पुढ्यातला मानाचा नारळ उचलला, उठले, आणि मधली जागा ओलांडून माझ्यापुढे आले. "घे रे."

मी उभा राहून नारळ घेतला. वाकून नमस्कारही केला, कारण तशी रीत होती. चारशे माणसांतला एकही जण टाळी वाजवत नव्हता. बुवांना ते ऐकू येत नव्हतंच; त्यांनी आपली माझ्या पाठीवर थाप मारली आणि जागेवर जाऊन, खाच कानामागे टेकवून, भैरवी सुरू केली.

माझी एक पाळी शिल्लक होती. घसा बसला, असं मी वासूकडून सांगायला लावलं.

---

त्या दिवशी मांडवातल्या कोणीही लवूबुवांना काही सांगितलं नाही. चिंचखोलच्या बाजारात नाही, एसटीत नाही, नेरकुंडीत नाही. चारशे माणसांनी एक गोष्ट पोटात ठेवली. पण सुपारी द्यायला मात्र त्यांच्यापैकी कोणी गेलं नाही. शिमग्यापर्यंत मला सात बाऱ्या आल्या. त्यातल्या चार दरवर्षी लवूबुवांकडे असायच्या.

महिन्याभराने मी नेरकुंडीला गेलो. या वेळी हत्यारांची पिशवी नेली नव्हती. वाटेत काय बोलायचं ते तीन वेळा म्हणून बघितलं होतं.

बुवा पडवीत एकतारी घेऊन बसले होते. मी पुढ्यात गेलो तसे खूश झाले. "ये रे ये! आज काय भेद काढूक इलस?"

मी बसलो.

"दिगू, शिमग्याचे बाऱ्ये ठरले काय रे खंय?" त्यांनी विचारलं. "औंदा कोणच येवक नाय अजून. हिका म्हटलंय, चिंचखोलाक माझा गाणा खराब झाला काय? ही म्हणता, नाय. माका तर वाटला, आयुष्यात बरा गायलंय तर थंय. तू होतंस समोर. तू सांग. सूर सुटलो काय माझो?"

"नाय बुवा," मी म्हणालो. "सूर नाय सुटलो."

"मगे?"

मी मान खाली घातली. तोंड त्यांच्यापासून थोडं फिरवलं, खुंटीकडे. आणि मग म्हणालो, "बुवा, ती चूक माझी. मी सगळ्यांपुढे सांगलंय तुमचे कान गेले म्हणान. माका माफ करा."

सगळं बोललो. एकही शब्द गाळला नाही. फक्त हळू बोललो, आणि ओठ त्यांना दिसणार नाहीत असं बसून बोललो.

बोलून झाल्यावर मला जरा हलकं वाटू लागलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोठ्यान सांग, दिगू." काकी दारात होती. "तेंच्याकडे तोंड कर आणि सांग. असा तेंका आयकाक येणा नाय. तुका माहीत आसा."

मी मान वर केली. बुवा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "काय म्हणता रे ही?"

आता ते माझ्या ओठांकडे बघत होते, अगदी टक लावून. मी तोंड उघडलं.

"खुंटी सैल झाली काय, म्हणान विचारतंय!"

हे मात्र मोठ्याने आलं. परसातल्या कोंबड्या पळाल्या एवढ्या मोठ्याने.

"खुंटी?" बुवा हसले. "नाय बा. तुझी खुंटी ती. पण इलस तर बघ." त्यांनी एकतारी माझ्या मांडीवर ठेवली.

काकी आत गेली.

खुंटी सैल नव्हती. तरी मी तार उतरवली, खुंटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, उगाच उजेडात धरून बघितली. बुवा कौतुकाने माझ्या हातांकडे बघत होते. दुपार झाली होती. आतून वाडगे जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी मोजले. दोनच होते.